बाटलीने देश तुटत नसतो

रविवारी सकाळी भाचीचा फोन आला. "मामा, सोळा डिसेंबरला शाळेत वक्तृत्व आहे, विजय दिवसावर. भाषण पाठ झालंय, ऐकतोस का?" आठवीत आहे. ऐकायला बसलो. खणखणीत आवाजात पहिले वाक्य आले, "एका बाटलीने देश तोडला!" पुढची चार मिनिटे 1971 मधला पाकिस्तानचा लष्करशहा याह्या खान: याह्या खानची दारू, याह्या खानच्या मैत्रिणी, याह्या खानची मोटरसायकल. बांगलादेश हा शब्द शेवटच्या अर्ध्या मिनिटात आला. बंगाल्यांचे नेते शेख मुजीब तर आलेच नाहीत.

"हे कुठून घेतलंस?"

"बाबांनी पाठवलं. ग्रुपवर आहे की! तू वाचलं नाहीस?"

नव्हते वाचले. दाजी पहाटे जे पाठवतात ते मी न उघडताच पुसतो. बहिणीच्या नवऱ्याशी राजकारणावर वाद घालायचा नाही, हा आमच्या आईने घालून दिलेला नियम आहे आणि पंधरा वर्षे मी तो पाळला. पण पोरगी हे माइकसमोर उभी राहून बोलणार म्हटल्यावर गप्प बसवेना. तिच्याकडून तो मजकूर परत मागवून घेतला. आधी त्यातले दावे सांगतो, म्हणजे मी वाऱ्याशी भांडतोय असे कुणाला वाटायला नको.

याह्या खान हा नादिरशहाचा वंशज. त्याने माणेकशांची मोटरसायकल घेतली, पैसे बुडवले आणि बदल्यात अर्धा देश दिला. तो राजकारण न कळणारा साधा शिपाईगडी होता; आजारी राष्ट्राध्यक्ष अयूब खानने त्याला रीतसर सत्ता सोपवली आणि त्याने प्रामाणिकपणे निवडणूक घेतली. 25 मार्च 1971 च्या रात्री ढाक्यात सैन्य सोडण्याचा हुकूम त्याने दारूच्या नशेत दिला, शुद्धीवर असता तर रक्तपात झालाच नसता. आणि शेवटी पाकिस्ताननेच त्याला फासावर लटकवले. खाली तिरंगा, चार जोडलेले हात आणि "शाळेत हे शिकवत नाहीत".

शिकवत नाहीत, कारण यातले निम्मे घडलेलेच नाही.

नादिरशहाचे आधी उरकून टाकू. याह्या किझिलबाश घराण्यातला होता, घरात फारसी बोलली जायची, आणि किझिलबाश हे नादिरशहाच्या फौजेबरोबर इकडे आले असे सांगतात. फौजेबरोबर येणे वेगळे आणि वंशज असणे वेगळे. पानिपतावर ज्यांचे खापरपणजोबा लढले ते सगळे काही भाऊसाहेबांचे वंशज ठरत नाहीत.

मोटरसायकल मात्र खरी असावी. नाइलाजाने कबूल करतो, कारण गोष्ट फक्कड आहे. फाळणीच्या सुमाराला माणेकशांची लाल जेम्स मोटरसायकल याह्याने हजार रुपयांना घेतली, पैसे पाठवतो म्हणाला आणि कधी पाठवले नाहीत. 1971 नंतर माणेकशा म्हणायचे की उधारी फिटली, अर्धा देश देऊन फिटली. ही गोष्ट त्यांच्याच तोंडची म्हणून सांगितली जाते आणि त्यांना शोभतेही. पण तो विनोद होता. विनोद करणाऱ्याला तो विनोद आहे हे ठाऊक होते. आपण त्याचे इतिहासात रूपांतर केले.

आता "रीतसर सत्ता सोपवली". इथे मला राग यायला लागतो.

25 मार्च 1969 ला अयूब खान पायउतार झाला, हे खरे. तब्येत खालावली होती, देशभर मोर्चे निघत होते, हेही खरे. पण अयूबने स्वतःच 1962 मध्ये एक राज्यघटना आणली होती. राष्ट्राध्यक्षाने राजीनामा दिला तर कारभार कुणी पाहायचा, हे तिच्यात लिहिलेले होते: नॅशनल असेंब्लीच्या सभापतीने. आणि त्या वेळी सभापती कोण होते? अब्दुल जब्बार खान. पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, बारिसालचे. म्हणजे घटना पाळली असती तर 1969 च्या मार्चमध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च खुर्चीवर, तात्पुरता का होईना, एक बंगाली माणूस बसला असता. तसे होऊ नये म्हणून अयूबने आपल्याच घटनेला बगल देऊन सरसेनापतीला, म्हणजे याह्याला बोलावले. सरसेनापतीने मार्शल लॉ पुकारला, घटना रद्द केली आणि सहा दिवसांत राष्ट्राध्यक्षपदही घेतले. याला रीतसर म्हणायचे असेल तर बँकेवरचा दरोडासुद्धा रीतसर म्हणावा लागेल, पैसे मोजून घेतात म्हणून.

त्याला बेकायदा म्हणायला पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाला तीन वर्षे लागली. अस्मा जिलानी नावाच्या मुलीने आपल्या वडिलांच्या अटकेविरुद्ध खटला लढवला (पुढे अस्मा जहांगीर म्हणून जगाला माहीत झाली ती हीच), आणि 1972 मध्ये न्यायालयाने सांगितले की याह्या खानने सत्ता बळकावली होती. तोवर याह्याची सत्ता गेलेली होती, हे वेगळे सांगायला नको.

साधा शिपाईगडी हेही तसेच. 1939 साली कमिशन मिळालेला, दुसऱ्या महायुद्धात इटलीत युद्धकैदी होऊन तिथून निसटलेला, चौतिसाव्या वर्षी ब्रिगेडियर झालेला, इस्लामाबाद नावाची नवी राजधानी उभारण्याच्या आयोगाचा अध्यक्ष राहिलेला माणूस हा. असा माणूस भोळा असतो?

निवडणुकीचे मात्र अर्धे पदरात घालावे लागेल. 7 डिसेंबर 1970 ची निवडणूक खरोखरच चोख झाली, आणि त्याआधी पाकिस्तानात प्रौढ मतदानाने अशी सार्वत्रिक निवडणूक झालीच नव्हती. जागा लोकसंख्येप्रमाणे वाटल्या होत्या: 300 पैकी पूर्वेला 162, पश्चिमेला 138. याचे श्रेय याह्याला जाते, देऊन टाका. पण पेटी उघडी ठेवली तरी किल्ली त्याने खिशात ठेवली होती, हेही त्याच दमात सांगा. निवडणुकीसाठी काढलेल्या हुकूमनाम्यातच लिहिले होते की नव्या असेंब्लीने 120 दिवसांत घटना तयार करायची आणि राष्ट्राध्यक्षाने मान्य केली तरच ती लागू व्हायची. शिवाय लष्कराचा हिशेब असा होता की मते दहा पक्षांत फुटतील आणि सगळे शेवटी आपल्याच दारात येतील. निकाल लागला तो भलताच. मुजीबांच्या अवामी लीगला पूर्वेतल्या 162 पैकी 160 जागा. पश्चिमेतले नेते भुट्टो यांच्या पक्षाला 81. महिनाभर आधीच्या चक्रीवादळात पूर्वेत लाखो माणसे वाहून गेली होती आणि सरकारची मदत रेंगाळत पोचली होती, त्याचाही राग मतपेटीत उतरला. जानेवारीत ढाक्याच्या विमानतळावर खुद्द याह्या मुजीबना भावी पंतप्रधान म्हणून गेला. तिथून सरळ लारकान्याला भुट्टोंकडे पाहुणचाराला. 3 मार्चची असेंब्लीची बैठक 1 मार्चला पुढे ढकलली. प्रामाणिक निवडणुकीचे पुढे काय झाले ते हे असे.

आणि आता तो चौथा दावा, ज्यासाठी मी रविवार घालवला. नशेतला हुकूम.

हे वाक्य किती घाण आहे ते वरवर कळत नाही. ऐकायला पाकिस्तानची टिंगल वाटते, म्हणून आपण हसतो आणि पुढे पाठवतो. पण त्याचा अर्थ बघा: कुणी काही ठरवले नव्हते, एका माणसाचा तोल गेला, सकाळी डोके दुखत उठला तोवर हजारो मेलेले. म्हणजे बाकी सगळे निर्दोष. ज्यांनी योजना लिहिली ते, ज्यांनी रणगाडे बाहेर काढले ते, ज्यांनी विद्यार्थ्यांना वसतिगृहातून बाहेर काढून भिंतीशी उभे केले ते. बाटली दोषी.

घडले ते असे. 22 फेब्रुवारीला रावळपिंडीत जनरल लोकांची बैठक झाली, तिथेच बळ वापरायची दिशा ठरली. भारताने आपल्या हद्दीवरून उडायला बंदी घातली होती (जानेवारीअखेर आपले 'गंगा' विमान पळवून लाहोरला जाळले गेले, त्यानंतर), म्हणून पाकिस्तानी विमाने श्रीलंकेचा वळसा घालून सैनिक ढाक्याला पोचवू लागली. आठवडेच्या आठवडे. नशेत कुणी आठवडेच्या आठवडे विमानांचे वेळापत्रक सांभाळत नाही. 18 मार्चला ढाक्याच्या छावणीत मेजर जनरल खादिम हुसेन राजा आणि राव फर्मान अली या दोघांनी बसून 'ऑपरेशन सर्चलाइट'चा आराखडा लिहून काढला. शिसपेन्सिलीने, फिक्या निळ्या कागदांच्या कचेरीतल्या पॅडवर, पाच पाने. हा तपशील शत्रूने दिलेला नाही. त्या वेळी ढाक्यात पाकिस्तानी लष्कराचे जनसंपर्क अधिकारी असलेल्या सिद्दिक सालिक यांनी तो पुढे लिहून ठेवला. त्या आराखड्यात काय होते? विद्यापीठ ताब्यात घ्या. राजारबागच्या पोलिसांची आणि पीलखान्यातल्या ईस्ट पाकिस्तान रायफल्सची हत्यारे काढून घ्या. टेलिफोन एक्स्चेंज बंद पाडा. आणि एक सूचना राष्ट्राध्यक्षासाठीही होती: बोलणी चालू ठेवावीत, मागण्या मान्य होणार असा मुजीबचा समज करून द्यावा.

राष्ट्राध्यक्षाने तेच केले. 15 मार्चला याह्या ढाक्यात उतरला आणि दहा दिवस मुजीबशी वाटाघाटी करत राहिला. 25 तारखेला सकाळी अकराच्या सुमारास पूर्वेतला लष्करी प्रमुख टिक्का खानचा खादिम राजाला फोन गेला की आज रात्री. संध्याकाळी याह्या गाजावाजा न करता विमानात बसला, आणि तो सुखरूप कराचीला पोचेपर्यंत कारवाई थांबवायची होती. मग विद्यापीठ, राजारबाग, पीलखाना. यादीत लिहिल्याबरहुकूम. परदेशी वार्ताहरांना हॉटेलात कोंडून मग देशाबाहेर काढले. दुसऱ्या दिवशी रेडिओवर याह्याने मुजीबना देशद्रोही ठरवले आणि अवामी लीगवर बंदी घातली.

आता मला सांगा, यात बाटली कुठे बसते?

आणखी एक. जुलैमध्ये हाच माणूस काय करत होता? अमेरिका आणि चीन यांच्यातला निरोप्या होता. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार किसिंजर रावळपिंडीला आले, पोट बिघडल्याचे सोंग केले, थंड हवेच्या नथियागलीला विश्रांती घेत आहेत असे जगाला सांगितले गेले आणि 9 जुलैच्या पहाटे पाकिस्तानी विमानाने ते पेकिंगला (आजच्या बीजिंगला) रवाना झाले. शतकातल्या मोठ्या गुपितांपैकी एक. याह्याच्या कारभाराने ते फुटू दिले नाही. ते टिकवता आले ते सतत तर्र असलेल्या माणसाला? अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्याआधीच स्वतःच्या हाताने शेरा मारला होता की सध्या याह्याला पिळू नका. ज्याचा उपयोग होता त्याच्या हातचे रक्त वॉशिंग्टनला दिसत नव्हते, ढाक्यातले त्यांचेच महावाणिज्यदूत आर्चर ब्लड तारांवर तारा करत होते तरीही.

जगाला ते दाखवले कुणी, तर आपल्या बेळगावात जन्मलेल्या एका गोमंतकीय माणसाने. अँथनी मस्करेन्हास. कराचीत पत्रकार होते. लष्कराने आठ पत्रकारांना "सगळे सुरळीत आहे" हे दाखवायला पूर्वेत फिरवले; बाकीच्यांनी सांगितले तसे लिहिले. मस्करेन्हास बायकोमुलांना बाहेर काढून स्वतः लंडनला निसटले आणि 13 जून 1971 च्या 'संडे टाइम्स'मध्ये पानभर मजकूर आला. त्यांनी अधिकाऱ्यांशी जेवणाच्या टेबलावर गप्पा मारल्या होत्या, आणि ते अधिकारी आज किती मारले ते शांतपणे सांगत होते. शुद्धीवर असलेली माणसे. दाजी, हे बेळगावचे नाव पोरीच्या भाषणात का नाही?

दारू नव्हतीच असे मी म्हणत नाही. याह्या प्यायचा, भरपूर प्यायचा, आणि बायकांच्या भानगडीही होत्या. हे आपल्याला ठाऊक आहे ते मुख्यतः हमूदुर रहमान आयोगामुळे. भुट्टोंनी सत्तेवर आल्यावर आठवडाभरात सरन्यायाधीश हमूदुर रहमान यांचा आयोग नेमला. 1972 मध्ये अहवाल आला आणि भुट्टोंनी तो कुलुपात घातला. युद्धकैदी परतल्यावर 1974 मध्ये पुरवणी आली, तीही कुलुपात. 2000 साली तिचा काही भाग भारतातल्या एका मासिकात फुटला, तेव्हा कुठे पाकिस्तानने अहवाल उघडला. दारू, बायका, घरे-जमिनींची हाव, सगळे त्यात आहे. पूर्वेतले सेनापती जनरल नियाझींनी विड्याच्या पानांची चोरटी आयात केल्याचा आरोपसुद्धा आहे. पण संदेश लिहिणाऱ्याने तेवढेच पान वाचले. त्याच अहवालाची पहिली शिफारस वाचायची राहून गेली: याह्या खान, अब्दुल हमीद खान, पीरजादा, गुल हसन, उमर आणि मिठ्ठा या सहा जनरलांवर, अयूबकडून सत्ता बळकावण्याचा कट केल्याबद्दल, उघडा खटला चालवा. सहा. एक नव्हे. पिण्याबद्दल नव्हे, कट केल्याबद्दल. आणि चारित्र्याचा तो ठपकासुद्धा आयोगाने एकट्या याह्यावर ठेवलेला नाही, मार्शल लॉच्या कामाला सोकावलेल्या वरच्या अधिकाऱ्यांच्या अख्ख्या थरावर ठेवला आहे.

हा अहवालही काही वेदवाक्य नव्हे. मेलेल्यांचा आकडा त्याने लष्कराच्याच कागदांवरून सव्वीस हजार धरला. बांगलादेश सरकार तीस लाख सांगते, अभ्यासकांचे अंदाज मध्ये कुठे कुठे आहेत. सव्वीस हजार माणसे मेल्यावर एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून येत नाहीत, एवढे आपल्याला कळते. आमच्या आजीच्या ट्रंकेत अजून त्या काळची पाकिटे आहेत, नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे निर्वासित साहाय्याचे तिकीट चिकटवलेली. कोकणातल्या पोस्टातून पत्र टाकणारी बाईसुद्धा पाच पैसे भरत होती.

युद्धही बाटलीने हरले गेले नाही. "पूर्वेचे रक्षण पश्चिमेत" हा पाकिस्तानी लष्कराचा सिद्धांत याह्याच्या आधीपासूनचा. त्यानुसार पूर्वेत ठेवले काय होते, तर तीन डिव्हिजन, त्यातल्या दोन अवजड सामान मागे ठेवून विमानाने आणलेल्या, आणि सेबर विमानांचे एकच स्क्वाड्रन. 3 डिसेंबरला याह्याने भारताच्या विमानतळांवर हल्ला चढवला आणि तेराव्या दिवशी ढाक्याच्या रेसकोर्सवर नियाझींनी सही केली. 93 हजार कैदी. इतके वाईट गणित शुद्धीतली अख्खी सेना मिळूनच मांडू शकते. आणि बंगाली लढवय्यांची मुक्तिवाहिनी नऊ महिने लढत होती, तिचा तर संदेशात उल्लेखच नाही.

फाशीचे म्हणाल तर नुसती थाप. 20 डिसेंबर 1971 ला याह्या गेला, तोही स्वतःहून नव्हे. गुजरांवाल्याच्या छावणीतले अधिकारी बिथरले होते आणि रावळपिंडीत जनरल हमीदची तरुण अधिकाऱ्यांनी तोंडावर हुर्यो उडवली होती. भुट्टो आले आणि त्यांनी याह्याला घरात नजरकैदेत टाकले. खटला? नाही. 1977 मध्ये जनरल झिया सत्तेवर आला, त्याने सोडून दिले. 10 ऑगस्ट 1980 ला याह्या रावळपिंडीत मेला आणि पेशावरला लष्करी इतमामात पुरला गेला. फाशी झाली ती भुट्टोंना.

आणि बाकीचे? टिक्का खान 1972 मध्ये लष्करप्रमुख झाला, नेमणारे भुट्टो. त्या सहांतला गुल हसन त्याच्याही आधी. पेन्सिलवाले राव फर्मान अली पुढे झियाच्या मंत्रिमंडळात पेट्रोलियम खात्याचे मंत्री. एक बाटली पुढे केली की एवढे सगळे लोक मागच्या दाराने घरी जातात. ही गोष्ट मुळात पाकिस्तानात कुणाच्या सोयीची होती ते यावरून ओळखा. आपण ती विजय दिवसाला फुकट वाटतोय.

हे सगळे मी भाचीला फोनवर सांगितले, अर्थात इतके नाही. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "मामा, चार मिनिटंच असतात."

मग तिनेच कापाकापी केली. पहिले वाक्य आता "पाच पानं, निळा कागद आणि एक पेन्सिल" असे आहे. बेळगाव आले. मुजीब आले. सभापती जब्बार खान वेळेअभावी गेले, याचे मला वाईट वाटले. मोटरसायकल तिने ठेवली, परीक्षक हसतात म्हणून.

दाजींनी गटावर माझ्या या मजकुराखाली अंगठा दाखवला आहे. आज सकाळी साडेसहाला त्यांचा नवा संदेश आला आहे, ताश्कंदवर.